लोअर आर्म, लिंक रॉड आणि आता रॅक: पुढचे भाग पुन्हा पुन्हा का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी चार वर्षांची, धाव ५५,००० किलोमीटर. डाव्या बाजूच्या लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या हाताचे) बुश दीड वर्षात दोनदा बदलले, लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी) तीनदा. तरी खडखड परत आलीच. आता स्टिअरिंगवर हाताला ठोके जाणवतात आणि वर्कशॉपने रॅक (स्टिअरिंगचं फिरणं आडव्या दांड्याने चाकांपर्यंत पोचवणारी यंत्रणा) बदलायला सांगितलंय. गाडी जपून चालवता, ओझं भरत नाही, मग झीज इतक्या लवकर का?

आधी रॅकचं सांगतो: आत्ता बदलू नका. तो खराब असेलही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तो तपासलाय असं दिसत नाही. शिवाय ज्या कारणाने बाकीचे भाग गेले ते कारण गाडीत तसंच असेल तर नवा रॅकही तोच मार खाणार.

एकाच बाजूचा तोच बुश दोनदा गेला, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. फक्त रस्ते वाईट असते तर उजव्या बाजूनेही थोडीफार तक्रार केली असती. रस्त्याच्या कडेच्या बाजूचं चाक जास्त मार खातं हे खरं, पण त्याने एवढा फरक पडत नाही. अशा वेळी मी तीन गोष्टींवर संशय घेतो: बुश बसवताना बोल्ट चुकीच्या अवस्थेत आवळला, त्या बाजूचं काहीतरी वाकलंय, किंवा रबरावर कुठून तरी तेल गळतंय. यातलं पहिलं कारण इतक्या गाड्यांत निघतं की त्याबद्दल जरा खोलात सांगतो.

बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लहान नळी आणि दोघींच्या मधे रबर. कारखान्यात उष्णता देऊन हे रबर दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टने सबफ्रेमला (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीला) आवळली की ती जागची हलत नाही. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली, म्हणून ती आर्मबरोबर वरखाली होते. बुश बोल्टभोवती बेअरिंगसारखा गरगर फिरतो असं पुष्कळ जणांना वाटतं, काही मेकॅनिकनाही वाटतं. तसं काही होत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा मधलं रबर पिळलं जातं आणि सोडलं की परत येतं. ज्या अवस्थेत बोल्ट आवळला, ती त्या रबराची विश्रांतीची अवस्था ठरते. त्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंशांपर्यंत पीळ सहन करायचा, एवढ्या हिशेबाने ते बनवलेलं असतं.

आता वर्कशॉपमध्ये काय होतं बघा. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, आर्म खाली झुकलेला. जुना आर्म काढला, नवा लावला, हातासरशी इम्पॅक्ट गनने (नट-बोल्ट जोरात फिरवणाऱ्या यंत्राने) बोल्ट आवळून टाकले, चाक चढवलं, गाडी खाली. लटकलेलं चाक जमिनीवर टेकून गाडीचं वजन घेतं तेव्हा ते सहज ८-१० सेंटीमीटर वर येतं. ३५ सेंटीमीटरच्या आसपास लांबी असलेल्या आर्मसाठी हा कोन १५ अंशांच्या घरात जातो. म्हणजे गाडी नुसती दारात उभी असली तरी ते रबर दिवसरात्र १५ अंश पिळलेलं. त्यावर खड्डा आला, चाक आणखी वर गेलं, की पीळ आणखी वाढला. असं रबर काही महिन्यांत आतल्या नळीच्या कडेने फाटायला लागतं. मग म्हणायचं, पार्ट हलका निघाला. तोच पार्ट, त्याच पद्धतीने पुन्हा लावला की पुन्हा फाटतो.

योग्य पद्धत अवघड नाही, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात. आर्म बसवताना बोल्ट नुसते हाताने टेकवून ठेवायचे. चाक लावून गाडी जमिनीवर उतरवायची, थोडी मागेपुढे ढकलायची, बॉनेटवरून दोनचार वेळा दाबून सोडायची, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. मग वर्कशॉपमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा गाडी चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर घेऊन, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने), कंपनीने दिलेल्या आकड्याला बोल्ट आवळायचे. असा खड्डा किंवा रॅम्प नसेल तरी उपाय आहे. गाडी उचलण्याआधी हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवायचं. गाडी स्टँडवर भक्कम बसवली की आर्मच्या टोकाखाली जॅक लावून ते अंतर पुन्हा तेवढंच होईपर्यंत हब उचलायचा, आणि त्या अवस्थेत आवळायचं. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हीच रीत दिलेली असते. नुसत्या जॅकच्या भरवशावर मात्र कधीही गाडीखाली शिरायचं नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. कित्येक गाड्यांत लोअर आर्मच्या मागच्या बुशमधून बोल्ट उभा जातो. त्याला पिळाचा हा हिशेब तसाच लागू होत नाही. त्या बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, ब्रेक लावताना चाकाला थोडं मागे सरकू द्यायचं पण वळणावर आडवं हलू द्यायचं नाही म्हणून. आर्म तोच ठेवून फक्त बुश प्रेसवर बदलला आणि पोकळ्यांची दिशा चुकली, तर नवा कोरा बुश पहिल्या दिवसापासून चुकीच्या बाजूने दाबला जातो. बुशच्या कडेला खूण असते आणि ती आर्मवरच्या खुणेशी जुळवायची असते. हातोड्याने ठोकून बुश बसवणाऱ्याने ही खूण बघितली असेल यावर माझा विश्वास बसत नाही. प्रेस नसेल तर अख्खा आर्म बदललेला बरा.

तुमचा काढलेला जुना बुश अजून हाती असेल तर उजेडात नीट बघा. रबर आतल्या नळीला लागून गोल फाटलं असेल तर पिळाने मेलं. एकाच बाजूला फाटून आतली नळी मध्यातून सरकली असेल तर धक्का किंवा वाकलेला भाग. आणि रबर फुगलेलं, मऊ, बोटाला काळं लागणारं असेल तर तेल. बुशमधलं नैसर्गिक रबर पेट्रोलियम तेलात फुगतं आणि कुजतं. इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून थेंब थेंब गळणारं तेल वाऱ्याने मागे जाऊन नेमकं आर्मच्या मागच्या बुशवर बसतं. त्याशिवाय गाडीखालून कुरकुर येते म्हणून कुणीतरी हौसेने तेलाचा फवारा मारतं. दोन दिवस आवाज थांबतो आणि बुशचं आयुष्य निम्मं होतं. रबराला काही लावायचंच असेल तर सिलिकोनचं लावा, आणि तेही कारण शोधण्यापुरतं.

वाकलेला भाग डोळ्यांना सहसा दिसत नाही. एक साधं माप घेता येतं: स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा आणि गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. डावीकडे ते स्पष्टपणे कमी भरलं तर आर्म, नकल (हब धरणारा भाग) किंवा सबफ्रेम मागे गेलीय. अलाइनमेंटच्या कागदावर टोबरोबर (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) कॅम्बर (चाक उभ्यातून किती कललंय) आणि कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) छापलेले असतात. बहुतेक लोक टो हिरवा, म्हणजे मापात दिसला की कागद घडी घालून ठेवतात. डाव्या-उजव्या कॅस्टरमधला फरक जरूर वाचा, वाकलेल्या आर्मची चुगली तोच करतो. आणि ढिले भाग तसेच ठेवून केलेली अलाइनमेंट निरर्थक असते. गाडी मशीनवर उभी असताना जो कोन दिसतो तो पहिल्या ब्रेकला बदलतो. टोमध्ये रिमच्या कडेला मोजून २ मिलिमीटरची चूक राहिली, तर दोन्ही पुढची चाकं मिळून दर किलोमीटरला सुमारे ५ मीटर आडवी घासतात. टायर त्यानेच खाल्ले जातात.

आता लिंक रॉड. तीनदा बदलले म्हणता, पण तिन्ही वेळा ते खरंच खराब होते का? खडखड आली की लिंक रॉड बदलून बघायचे, ही रीतच पडून गेलीय, कारण ते स्वस्त आणि पटकन होणारं काम. लिंकचा आवाज ओळखता येतो. स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंना जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) तेव्हाच काम करतो जेव्हा एक चाक वर आणि एक खाली असतं. दोन्ही चाकं एकदम आडव्या उंचवट्यावर चढली की बार नुसता फिरतो, लिंकवर जवळपास काही येत नाही. त्यामुळे छोट्या, एकाआड एक खड्ड्यांवर खटखट आणि दोन्ही चाकं एकदम उचलली जातात तिथे शांतता असेल, तरच लिंकवर किंवा बारच्या रबरांवर संशय घ्या. तुमच्या गाडीत आवाज दोन्ही प्रकारच्या जागी येत असेल तर लिंक सुरुवातीपासून निर्दोष असण्याची शक्यता मोठी.

शिवाय तपासताना हमखास एक घोटाळा होतो. एकच चाक जॅकवर उचलून लिंक हलवून बघतात. तेव्हा बार पिळलेला असतो, लिंक ताणलेली असते, प्ले (ढिलेपणा) असला तरी कळत नाही. दोन्ही चाकं एका उंचीवर असताना बघा. खात्री करायची असेल तर दोन्ही लिंक सोडून, बार बांधून ठेवून, मोकळ्या जागेत अगदी सावकाश थोडं अंतर गाडी फिरवा. आवाज तसाच आला तर लिंकचा विषय संपला.

लिंक खरोखरच लवकर मरत असतील तर दोष बहुधा इम्पॅक्ट गनचा. लिंकच्या टोकाला छोटा बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा जोड) असतो, नटाच्या मधोमध पिन धरायला षटकोनी खाच दिलेली असते. ती खाच पान्याने धरून नट हाताने आवळायचा असतो. गन लावली की नटाबरोबर आतला बॉलही गरगर फिरतो, प्लॅस्टिकची बैठक तापते आणि खरवडली जाते. लिंक गाडीवर चढायच्या आधीच निम्मी झिजली.

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या टोकाचा जोड) यांची कहाणी जवळपास नेहमी रबरी टोपीपासून, म्हणजे बूटपासून सुरू होते. अकाली गेलेला जॉइंट करवतीने कापून बघितलात तर चित्र स्पष्ट दिसतं. चांगल्या जॉइंटमध्ये बॉल आरशासारखा असतो, त्याभोवती प्लॅस्टिकची बैठक आणि ग्रीस. फाटलेल्या बूटच्या जॉइंटमध्ये ग्रीसच्या जागी तपकिरी, खरखरीत चिखल सापडतो आणि बॉलच्या वरच्या भागावर, जिथे पाणी साचतं तिथे, गंजाचे खड्डे. ते खड्डे हलताना बैठकीला कानशीप्रमाणे घासतात. बूट फाटल्यापासून जॉइंट ढिला होईपर्यंत फार काळ जात नाही, एखादा पावसाळा पुष्कळ होतो. बूट फाटतात ते पुष्कळदा कामाच्या वेळी: जॉइंट सोडवायला दोन दातांचा काटा हातोड्याने ठोकला की टॅपर (जॉइंटची निमुळती पिन) सुटतो, पण बूटही चिरतो. स्क्रूचा पुलर वापरला तर तो वाचतो. जोराच्या पाण्याचा फवारा थेट बूटवर मारला तरी कडेतून पाणी आत शिरतं.

बसवताना टॅपरची पिन आणि भोक दोन्ही कोरडी, स्वच्छ हवीत. नटात स्प्लिट पिन घालायची असेल आणि भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचा, सैल करून कधीच नाही. सैल टॅपर नकलचं भोक खातो आणि मग नवा जॉइंटही टिकत नाही.

प्ले तपासण्याची माझी पद्धत सांगतो, तुम्ही स्वतः करू शकता. चाक हवेत, हात घड्याळाच्या ९ आणि ३ वर ठेवून हलवा: खटखट लागली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (त्याच दांडीचा रॅककडचा आतला जोड). मग १२ आणि ६ वर: इथे हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा १२-६ वर हलवा. हलणं थांबलं तर बेअरिंग, तसंच राहिलं तर जॉइंट. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग शॉकअबभोवतीच बसवलेल्या) गाडीत, तुमची बहुधा तीच, स्प्रिंगचा भार वरच्या माउंटमधून जातो, खालच्या बॉल जॉइंटवर नसतो. म्हणून जॅक बॉडीच्या ठरलेल्या जागी लावून चाक लटकू द्यायचं. स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असेल तर उलट: जॅक आर्मखाली, जॉइंटच्या जवळ लावायचा. नाहीतर स्प्रिंगच जॉइंटला घट्ट दाबून ठेवते आणि पार ढिला झालेला जॉइंटही ठणठणीत भासतो.

टाय रॉडसाठी याहूनही चांगली तपासणी चाकं जमिनीवर असताना होते. एकाने बसून स्टिअरिंग दोन्हीकडे अगदी थोडं, झटपट हलवत राहायचं. दुसऱ्याने एकेका जोडावर बोटं ठेवायची: बाहेरचा एंड, रॅकच्या बूटमधून जाणवणारा आतला रॅक एंड, रॅकचे माउंटिंग बोल्ट, आणि फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ) स्टिअरिंग शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट. ज्या जोडाचे दोन भाग एकदम न हलता मागेपुढे हलतात, ठोका तिथे आहे. तुमच्या हाताला येणारे ठोके आधी शाफ्टच्या जॉइंटमध्ये आणि रॅक एंडमध्ये शोधा. या दोन्हींचा आवाज हुबेहूब रॅकचा वाटतो आणि दोन्ही रॅकच्या मानाने फार कमी खर्चात बदलता येतात. रॅकचा सबफ्रेमवरचा बोल्ट नीट आवळलेला नसला तरी हेच ठोके येतात. तुमच्याकडे आर्मचं काम दोनदा झालंय, त्यात सबफ्रेम खाली घेतली होती का, हे जरूर विचारा.

हे सगळं ठीक निघालं तर रॅक. त्याचे बूट आणि क्लिप बघा. आत पाणी गेलं असेल तर दांड्यावर गंज दिसतो, मग बदलण्याला पर्याय नाही. गंज नसेल आणि ठोका रॅकच्याच अंगात असेल, तर दांड्याला पिनियनवर (स्टिअरिंगने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकावर) दाबून धरणारा आतला गुटका झिजलेला असू शकतो. काही रॅकमध्ये तो आवळता येतो, पण कंपनीच्या मापानेच. जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. असं स्टिअरिंग ठोक्यांपेक्षा धोकादायक.

या सगळ्यावर मार वाढवणारे दोन भाग बहुतेक वेळा नजरेआड राहतात: शॉकअब आणि त्याच्या डोक्यावरचा माउंट. शॉकअब दुबळा झाला की चाक रस्त्यावर उड्या मारत राहतं आणि तो प्रत्येक हिसका बुश, लिंक, जॉइंट यांना सोसावा लागतो. तेलाचा हलका दमटपणा चालतो, पण अंगावरून ओघळ आला असेल तर तो संपलाय. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवला आणि उंचसखल लागलं तरी तेच समजा. माउंटमधलं बेअरिंग अडकलं असेल तर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग फिरत नाही, पिळत जाते आणि मग टणकन सुटते. कुणाला तरी सावकाश स्टिअरिंग वळवायला सांगून स्प्रिंगवर अलगद हात ठेवा, झटका हाताला कळतो. बोटं वेटोळ्यांच्या मधे घालू नका.

चाकाचा तोल हीसुद्धा किरकोळ गोष्ट नव्हे. १५ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा असमतोल असेल, तर ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला १४-१५ फेरे मारतं आणि दर फेऱ्याला जवळपास ५ किलो वजनाएवढा ओढा हबला बसतो. तो थेट टाय रॉड एंड आणि रॅकपर्यंत पोचतो. बाहेर जास्त निघालेले रुंद रिम किंवा स्पेसर (चाकामागे घालायच्या जाड चकत्या) लावले असतील तर काढा. चाकाचा मध्य बाहेर सरकला की बेअरिंग आणि बॉल जॉइंटवरचा तरफेचा जोर वाढतो.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवू नका. पॉवर स्टिअरिंगमुळे हाताला कळत नाही, पण टायर जागच्या जागी घासण्याचा सगळा जोर रॅक आणि टाय रॉडमधून जातो. गाडी जरा सरकली की वळवा. आणि खड्डा किंवा गतिरोधक आला तर ब्रेक त्याच्या आधी मारून, चाक त्यावर चढताना सोडून द्या. दाबलेल्या ब्रेकने गाडीचं नाक खाली बसलेलं असतं, सस्पेन्शनला दबायला जागाच उरत नाही.

तुमच्या गाडीचं काम मी या क्रमाने केलं असतं. पहिल्यांदा वर सांगितलेली टाय रॉड आणि बॉल जॉइंटची तपासणी. त्यात प्ले निघाला तर तो भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, कारण हे जोड निसटले की चाक आपल्या ताब्यात राहत नाही. लिंकचा आवाज महिनाभर ऐकला तरी चालेल, बुशवर वरवरच्या बारीक चिरा असल्या तरी घाई नाही. त्यानंतर तेलगळती, दोन्ही बाजूंची मापं आणि शॉकअब. मग डावा आर्म, शक्यतो मूळ कंपनीचा किंवा तिला माल पुरवणाऱ्याचा. कंपनीने एकदाच वापरायचे सांगितलेले बोल्ट नवे घ्या. शॉकअब बदलावे लागले तर दोन्ही बाजूंचे एकदम, माउंटसकट. शेवटी बॅलन्सिंग, आणि सगळं आवळून झाल्यावर अलाइनमेंट.

काम देताना आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळा, असं जॉब कार्डवर लिहून घ्या आणि जमलं तर त्या वेळी स्वतः हजर राहा. उजव्या आर्मचे आडवे बोल्टही त्याच वेळी सैल करून, गाडी जमिनीवर असताना पुन्हा आवळून घ्या. सबफ्रेम कधी खाली घेतली असेल तर त्याही बुशला कुणीतरी हवेतच आवळलेलं असू शकतं.